डांबरगोळ्यांचा वास

कपाटाचं दार कुरकुरत उघडलं, आतून डांबरगोळ्यांचा वास भस्कन अंगावर आला, आणि भागोजी मिस्त्रीच्या पोटात ढवळलं. हातातला पेचकस त्यानं कसाबसा खाली ठेवला, मागच्या पडवीतून बाहेर धाव घेतली आणि जास्वंदीच्या बुंध्याशी तो भडभडून ओकला. सकाळची पेज सगळी बाहेर आली. तोंड पुसत तो तिथंच उकिडवा बसून राहिला. त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. त्याचं घर मिरकरवाड्यात. दारासमोर बांगडे वाळत घातलेले, सुकटीवर माश्यांचं मोहोळ, होडीच्या तळाला चोपडायला मुशीचं तेल कढवायचं म्हटलं की वरच्या आळीतली माणसं खिडक्या लावून घेत. त्या वासात तो जेवायचा, झोपायचा, त्या वासात त्याची बायको सगुणा त्याच्या जवळ यायची. त्याच्या नाकाला कधी काही झालं नव्हतं. आणि ह्या पांढऱ्याशुभ्र, कुणालाही स्वच्छ वाटाव्यात अशा गोळ्यांनी त्याचं आतडं पिळून काढलं होतं.

"काय रे भागोजी, पित्त झालं की काय?" आप्पा खोत पडवीत येऊन उभे होते. अंगात मलमलीचा सदरा, हातात पानाचा डबा. "पाणी घे. आणि मग आत ये. कुलपाचं निमित्त आहे, तुला खरं दाखवायचंय ते वेगळंच."

चूळ भरून भागोजी आत गेला. तोंडानं श्वास घेत उभा राहिला. खोतांनी कपाटातले लोकरी कोट बाजूला केले आणि खालून लाल पंचात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं. पंचा सोडला. डांबरगोळ्या घरंगळत जमिनीवर गेल्या. आत रावण होता. जयगडच्या खाडीवर खोतांची वाडी होती, तिथल्या शिमग्यातल्या नमनाच्या खेळातलं रावणाचं सोंग, म्हणजे तोंडावर बांधायचा मुखवटा. भागोजीनं ते लहानपणापासून पाहिलं होतं, पण नेहमी कुणाच्या तरी तोंडावर, मशालीच्या धुरात, ढोलाच्या दणक्यात. असं टेबलावर उताणं पडलेलं पहिल्यांदाच. त्याच्या आज्यानं, महिपत सुतारानं ते पांगाऱ्याच्या लाकडातून काढलं होतं. आतल्या बाजूला त्याच्या पटाशीचे घाव अजून दिसत होते आणि त्यांच्यावर पिढ्यांच्या घामाचं, दारूच्या वाफेचं, श्वासांचं एक काळं, चिकट, चकाकणारं अस्तर चढलं होतं.

"शिमग्यानंतर मुंबईहून एक गोरे पाहुणे यायचेत," खोत म्हणाले. "मोठे विद्वान आहेत. त्यांना आपल्याकडच्या जुन्या वस्तू दाखवायच्यात. मी म्हटलं, ह्या दिवाणखान्यातच छोटासा अजबखाना करू. तू तिकडं आफ्रिकेत म्युझियमची कपाटं केलीस ना? अगदी तशीच हवीत मला. काचेची. आणि ह्याला ते औषध लाव. पाहुण्यांनी मुद्दाम लिहून विचारलंय, कीड लागू नये म्हणून काय केलंत."

"ते औषध म्हंजे सोमल, विष हाय ते, आप्पा. त्यो लावला की सोंग परत तोंडाला लावता यायचं नाय कुनाला."

"कोण लावणार आहे आता? वाडीवाल्यांनी मला दिलंय ते. त्यांच्यासाठी मुंबईहून कागदाच्या लगद्याचं नवं मागवलंय मी. हलकं, रंगीत. खूश आहेत सगळे."

भागोजीनं होय म्हणून मान हलवली. ह्या मान हलवण्याची पुढं त्याला फार शिसारी आली. पण त्या क्षणी त्याला फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं.

घाटी उतरून मिरकरवाड्याकडं येताना ऊन कातळावरून उसळून तोंडावर येत होतं. खाली समुद्रात, पार लांब, आगबोट उभी होती आणि तिच्याकडं पडाव निघाले होते. धक्का नाही, बोट आत येत नाही, माणसं आणि पोती पडावात घालून लाटांवरून हाकलत न्यायची. आफ्रिकेतलं अक्रा बंदरही असंच होतं. म्हणूनच तर पहिल्या दिवशी त्याला ते आपलं वाटलं होतं. सत्तावीस सालच्या पावसाळ्यात, तो सुतार म्हणून जिच्यावर होता ती बोट गोल्ड कोस्टच्या किनाऱ्याला लागली, आणि त्याला तिथं असा ताप भरला की बोटीवरच्या लोकांनी त्याला पडावात घालून किनाऱ्यावर उतरवलं, इस्पितळात टाकलं आणि ते निघून गेले. ताप उतरला तेव्हा हातात सुतारकाम होतं आणि डोक्यावर छप्पर नव्हतं. अशा वेळी त्याला क्वेसी मास्तर भेटला. गावाबाहेरच्या टेकडीवर एक नवी इमारत झाली होती आणि त्या मुलखातल्या जुन्या वस्तू गोळा करून तिथं ठेवायच्या होत्या. वर एक गोरा साहेब होता. पण गावोगाव हिंडून वस्तू आणायचं काम क्वेसी करायचा. उंच, सडपातळ, कपाळ मोठं, पांढरी पाटलोण रोज धुतलेली. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. त्यानं भागोजीची पेटी उघडून हत्यारं पाहिली, रंध्याच्या पात्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "तू माझ्याकडं राहा. आमच्या सुतारांना ह्या कामाला हात लावायची भीती वाटते. तुला वाटणार नाही. ही तुझी दैवतं नव्हेत."

नव्हतीच. भागोजीनं साग घासला, काचा बसवल्या, बिजागऱ्या ठोकल्या. कपाटांत वस्तू येत गेल्या. पितळेची इवलीइवली वजनं, त्यांवर मगरी, पक्षी, भांडणारी माणसं. माणसाच्या आवाजासारखा बोलणारा ढोल. चपट्या गोल तोंडाच्या लाकडी बाहुल्या, ज्या मूल होत नसलेल्या बायका पाठीला बांधून हिंडत. त्या बाहुल्यांकडं त्याला बघवत नसे. सगुणाला मूल होत नव्हतं, आणि ती रत्नागिरीत एकटी होती. क्वेसी प्रत्येक वस्तू आणताना दमलेला, चिडलेला असे. "आज एका गावात पाद्र्याच्या सांगण्यावरून ढीग पेटवला होता," तो सांगायचा. "हा ढोल मी त्यातून ओढून काढला. बघ, कड जळलीय." कधी म्हणायचा, "बंदरावर एक व्यापारी पेटाऱ्यात भरून सगळं युरोपात नेतोय. मी अर्धा दिवस आधी पोचलो म्हणून हे मिळालं." आणि संध्याकाळी पायरीवर बसून, "हा देश एक दिवस आमचा होईल, भागोजी. तेव्हा पोरं विचारतील, आपलं म्हणून काय होतं? तेव्हा दाखवायला हे घर असेल. कुणा एका गावाचं नाही, साऱ्या देशाचं." भागोजीला त्याचं इंग्रजी निम्मं कळे. पण त्या आवाजातली तहान कळे, आणि त्याला त्या माणसाबद्दल फार आदर वाटे. आजही वाटत होता. म्हणूनच तर हा वास पोटात इतका लागत होता.

कारण त्या घरातही हाच वास होता. डांबरगोळ्या, कापूर, आणि सोमल घालून केलेला साबणासारखा पांढरा लेप. तो लेप लावायचं काम हळूहळू भागोजीकडंच आलं. हाताला फडकं बांधून, कुंचल्यानं, भेगाभेगांत. एक दिवस क्वेसीनं एक बैठं आसन आणलं. आपल्याकडच्या चौरंगाएवढं, मध्ये खोलगट, आणि काळं. इतकं काळं की त्याच्यावर उजेड पडून आत बुडून जावा. त्या लोकांत घरातला कर्ता पुरुष गेला की त्याचं आसन काजळी आणि अंड्याच्या बलकानं माखून ठेवतात आणि त्याचा जीव त्यात वस्तीला असतो. मग सणावारी त्याला खाऊ घालायचं. हे आसन क्वेसीच्या मामाचं होतं. त्या लोकांत वारसा मामाकडून भाच्याला जातो, आणि वारस झालेला क्वेसीचा भाऊ ते त्या बंदरावरच्या व्यापाऱ्याला द्यायला निघाला होता. क्वेसीनं भांडून ते इथं आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची म्हातारी आई आली. पदरासारख्या कापडात अंडं बांधून आणलेलं. ती काचेपुढं उभी राहिली, काहीतरी पुटपुटली, आणि काचेवरच अंडं फोडलं. बलक ओघळत खाली आला. भागोजीनं ओल्या फडक्यानं तो पुसला. पुसताना त्याला किळस आली, ती तेव्हा म्हातारीची आली. ती रोज येऊ लागली. काचेवरच्या माशा, वाळलेल्या बलकाचे पापुद्रे, उन्हात सुटलेला तो वशाट वास. साहेब ओरडू लागला. शेवटी क्वेसीनं हळूच सांगितलं, "कपाटाची मागची फळी सुटी ठेव. तिला आत हात घालू दे. कुणाला दिसणार नाही."

मग म्हातारी मागून हात घालायची. आसनाला कुरवाळायची, अंडं चोळायची, आणि देवाच्या अंगाऱ्याची बोटं आपण जिभेला लावतो तशी ती बोटं स्वतःच्या ओठांना लावायची. आसनावर सोमल होता. हे तिघांपैकी दोघांना ठाऊक होतं, आणि तरी थोडे दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही, इतकं ते साधं होतं. आधी तिच्या तळव्यांची सालं निघाली. मग ओठांना चरे पडले. क्वेसीनं तिचे हात पाहिले तेव्हा तो भिंतीला टेकून उभाच राहिला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "फळी स्क्रू मारून बंद कर." भागोजीनं बंद केली. म्हातारी वाचली. पण पुढं ती आत आली नाही. रोज सकाळी येऊन इमारतीच्या पायरीवर पाठ करून बसायची आणि ऊन चढलं की उठून जायची. आणि क्वेसी तिच्या बाजूनं वळसा घालून कामावर यायचा. भागोजी पुढं वर्षभर होता तिथं. त्या वर्षात मायलेक एकमेकांशी बोलताना त्यानं पाहिले नाहीत.

"असे दारात काय हुबे राह्यलात?" सगुणानं विचारलं. ती कोलंबी सोलत बसली होती. त्यानं खोतांकडचं काम सांगितलं. ओकल्याचं सांगितलं नाही.

"रावनाचं सोंग कपाटात?" ती हसली. "मंग खेळ्यांनी काय कपाट उचलून नाचायचं?"

"कागदाचं दिलंय म्हनं त्यांना."

"कोन म्हनं? आप्पा खोत म्हनं. धाकूदानं सांगितलान काय तुमाला?"

धाकू हा वाडीतल्या खेळ्यांचा म्होरक्या. सोंग त्याच्या घरी असे. धाकूला विचारायचं तर खाडीपर्यंत जायला एक दिवस आणि यायला एक दिवस. भागोजी गेला नाही. तो लाकूड निवडत बसला, आणि लाकूड हातात आलं की त्याचं डोकं थंड होई. हाताला सवय होती. सागाच्या चौकटी त्यानं अशा जुळवल्या की सांध्यात नख शिरू नये. मुंबईहून काचा आल्या, त्या भुशातून काढल्या. खोतांच्या मागच्या पडवीत बसून त्यानं रावण मांडीवर घेतला. किड्यांनी पाडलेली भोकं मेणानं बुजवली. मग आतली बाजू. ते काळं चिकट अस्तर पटाशीच्या धारेनं खरवडताना त्याचे पापुद्रे निघून मांडीवर पडले, आणि त्यांतून असा वास आला, घामाचा, तंबाखूचा, माडीचा, जुन्या तोंडांचा, की त्याला पुन्हा मळमळलं. आज्याचा घाम असेल ह्यात. बापानंही एका शिमग्यात रावण घेतला होता, त्याची थुंकी असेल. आपण आपल्याच माणसांची खपली काढतोय असं वाटून त्याचे दात शिवशिवले. तरी त्यानं काढली. नीट, कडेपासून कडेपर्यंत. मग हाताला फडकं बांधून सोमलाचा लेप दिला, वाळल्यावर वर व्हार्निश. काम चोख झालं होतं. रावण चकाकत होता. आणि काम चोख झाल्याचं समाधान आपल्या मनात कुठूनतरी मांजरासारखं पाय न वाजवता येऊन बसलंय हे कळलं तेव्हा त्याला स्वतःची जी किळस आली तिला तोड नव्हती.

त्या दिवसापासून तो हातानं जेवेना. हात राखेनं घासले, साबणानं घासले, वाळूनं घासले, तरी बोटं नाकाशी नेली की तेच. सगुणानं लाकडी डाव आणून दिला, त्यानं तो भात खायचा. "इंग्रेज झालात," ती म्हणाली. पण दुसऱ्यांदा तिनं चेष्टा केली नाही. त्याचे हात तिनं आपल्या हातात घेऊन उलटसुलट पाहिले, आणि तो एकदम ओरडला, "सोड! हात नको लावूस!" ती दचकली. मग तिला क्वेसीच्या आईची हकीकत सांगावी लागली. ती ऐकत होती आणि तिच्या तोंडावरचा रंग जात होता. "आनी त्यो मास्तर?" तिनं विचारलं. "तो चांगला मानूस व्हता," भागोजी म्हणाला. "लई चांगला व्हता." "चांगला आसंल," ती म्हणाली. "पन मी त्या बायच्या जाग्यावर असते तर अंडं त्याच्याच डोक्यात घातलं आसतं." भागोजीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. क्वेसीनं ते आसन आणलं नसतं तर ते आज कुठल्याशा परक्या गावात, कुणाच्या तरी दिवाणखान्यात पडलं असतं. आणलं म्हणून म्हातारीचे ओठ फाटले. हे दोन्ही खरं होतं. ह्या दोन खऱ्या गोष्टी त्याच्या पोटात एकमेकींवर घासत होत्या आणि त्याला कुठलीच बाहेर टाकता येत नव्हती.

शिमगा तोंडावर आला. होळीसाठी माड तोडले जात होते, काजूचा मोहोर जळल्यासारखा वास हवेत होता. खोतांनी दिवाणखान्यात रावण कपाटात मांडला, खाली कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि ओळखीच्यांना बोलावून दाखवायला सुरुवात केली. कपाटाचं एक कुलूप नीट बसत नव्हतं म्हणून भागोजीला पुन्हा बोलावणं आलं. तो जमिनीवर बसून कानस चालवत होता तेवढ्यात अंगणात माणसं आल्याचा आवाज झाला. धाकू होता. बरोबर वाडीतले चारपाच खेळे, पायांवर तांबडी धूळ, खांद्यावर पंचे. सगळे पडवीच्या पायरीखाली थांबले.

"आप्पा, रावन न्यायला आलोत," धाकू म्हणाला.

"अरे, तुम्हाला नवा दिलाय ना?"

"दिलात. पोरं खेळली त्याच्याशी. काल वाईच पाऊस शिंपडला, त्याचं नाक गळून पडलं." मागं कुणीतरी हसलं. धाकू हसला नाही. "तुमी म्हनालात, पावन्यांना दाखवतो नि देतो. आता पुनव आली."

भागोजीच्या हातातली कानस थांबली. खोतांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि नजर वळवली. मग ते सगळ्यांना आत घेऊन आले, मोठ्या अगत्यानं. कपाटापुढं उभं केलं. "बघा," ते म्हणाले. "तुमच्या घरात हा धुरात, उंदरांत पडला होता. इथं कसा राजासारखा बसलाय. अरे, हा आता एका वाडीचा राहिला नाही. साऱ्या देशाचा ठेवा आहे हा."

तेच शब्द. टेकडीवरच्या पायरीवर, संध्याकाळी, खांद्यावर हात ठेवून म्हटलेले. त्या तोंडात ते शब्द तहानेनं कोरडे झालेले होते. ह्या तोंडात ते पानाच्या रसात घोळून, गुळगुळीत होऊन बाहेर आले, आणि भागोजीला वाटलं की क्वेसीच्या पांढऱ्या पाटलोणीवर कुणीतरी पिचकारी मारली. आणि त्याच वेळी, ह्याहून वाईट, असंही वाटलं की शब्द तर तेच आहेत. वासही तोच आहे. म्हातारीच्या बाजूनं पाहिलं तर काय फरक होता? तो उठला. कुलूप त्याच्याच हातात होतं. त्यानं दार सताड उघडलं.

"भागोजी!" खोत म्हणाले.

"त्यांचं हाय, आप्पा."

धाकू पुढं आला. त्यानं दोन्ही हातांनी रावण उचलला, कपाळाला लावला, आणि सवयीनं, घरी परत आलेल्या पोराचा मुका घ्यावा तसा, तोंडाकडं नेऊ लागला. भागोजीनं एवढ्या जोरात हिसका दिला की म्हातारा धाकू कपाटावर आदळला आणि काच खळकन फुटली.

"तोंडाला नको! धाकूदा, तोंडाला नको लावूस! विष हाय त्याला!"

सगळे थिजले. धाकूच्या कोपराला काच लागून रक्त येत होतं, तिकडं त्याचं लक्ष नव्हतं. "कसलं विष?"

"सोमल. मी लावलाय. कीड लागू नये म्हनून."

धाकूनं रावण उलटा केला. आत पाहिलं. अस्तर गेलेलं, व्हार्निशनं तकतकीत झालेलं ते कोरं पोट त्यानं बराच वेळ पाहिलं. वास घेतला, लांबूनच. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर भागोजीला बरं वाटलं असतं. पण धाकूनं फक्त नाक आक्रसलं, नासलेल्या दुधाचं भांडं दूर धरताना आक्रसतं तसं. "ह्यात आता कोन नाय," तो म्हणाला. त्यानं स्वतःच्या हातानं सोंग परत कपाटात ठेवलं, फुटलेल्या काचांवर, आणि मयताला जोडतात तसे एकदाच हात जोडले.

"बघ," खोत भागोजीला म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच सुटकेचा आनंद होता. "त्यांनी आपणहून ठेवलं."

भागोजीनं हत्यारांची पेटी उचलली. खेळे अंगणात उतरले होते. तो त्यांच्यामागून गेला. फाटकाबाहेर धाकूचा हात त्यानं आपल्या पंचानं बांधायला घेतला, पण मध्येच थबकला आणि दुसऱ्याला म्हणाला, "तू बांद. माझं हात नकोत." मग खाली बघत म्हणाला, "मी नवा करून देतो. पुनवेच्या आत."

धाकूनं त्याच्याकडं पाहिलं. "तुज्या आज्यासारखा जमंल?"

"नाय जमायचा."

"मंग कर," धाकू म्हणाला.

तो त्यांच्याबरोबरच वाडीवर गेला. खाडीच्या काठचा एक पांगारा पाडला. रावणाचं अस्तर खरवडलेली आपली जुनी पटाशी त्यानं वापरली नाही. धाकूच्या घरातली एक गंजलेली होती, ती घासून घेतली. धाकूच्या गोठ्यात बसून तो कोरत राहिला. शेणाचा वास, म्हशीच्या अंगाचा वास, ओल्या लाकडाचा आंबूस वास. सगुणा मागून आली आणि काही न विचारता धाकूच्या घरात कामाला लागली. त्याला झोप लागत नसे. लाकडातून चेहरा निघत होता, पण तो आज्याच्या रावणाचा नव्हता. कपाळ मोठं होत होतं, गोल. डोळे अर्धवट मिटल्यासारखे बारीक, ओठ पुढं आलेले. त्याच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. अक्रात वर्षानुवर्षं काचेतून पाहिलेल्या चेहऱ्यांनी हात धरला होता. त्याला वाटलं फेकून द्यावा. इथंही तेच, पुन्हा तेच, आपल्या हातातून आता हेच निघणार. पण पुनव उद्यावर आली होती.

खेळ्यांनी तो हातोहात फिरवून पाहिला. "ह्यो रावन खयचा रे?" एकानं विचारलं. सगळे हसले. धाकूनं हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. "लंकेचा हाय," तो म्हणाला. "लंकेत असंच आसतील. आपन कुटं बगितलीय लंका?" आणि लाल रंगाची वाटी मागवली.

खेळ झाला. रावण आला तेव्हा बायका नेहमीसारख्या मागं सरल्या, ढोल फुटेस्तोवर वाजला, आणि त्या अनोळखी, अर्धवट डोळ्यांच्या चेहऱ्यानं सगळ्या मांडावर थयथयाट घातला. भागोजी गर्दीत उभा होता. त्याला आनंद झाला नाही. त्याला क्वेसी आठवला, कामावर येताना पायरीला वळसा घालणारा. त्या माणसाला हे दाखवावं असं फार वाटलं, आणि दाखवून काय सांगायचं ते सुचेना.

सकाळी धाकूनं सोंग त्याच्या हातात दिलं. आतून ओलंचिंब, घामानं आणि माडीच्या वासानं भरलेलं, नाकाच्या भोकांशी रंग विरघळून लाल झालेलं. "माळ्यावर टाक जा," तो म्हणाला. "कनगीवर." भागोजी शिडी चढला. माळ्यावर अंधार होता, भाताची तुसं, आणि सगळीकडं उंदरांच्या लेंड्या. एक उंदीर त्याच्या देखत कणगीमागं सटकला.

"धाकूदा," त्यानं वरून हाक मारली. "उंदीर हायत हितं. खातील ह्याला."

"खातील की. आदलं पन खाल्लं व्हतं, तुज्या आज्यानं नाक दोनदा बशिवलान."

"आनी आता खाल्लं तर?"

"तू हायस."

"आनी मी नसलो म्हंजे? माज्या मागं कोन नाय."

धाकू खाली उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होता. मळून झाल्यावर त्यानं चुना झटकला, चिमूट दाढेत धरली.

"मंग नाचनार नाय आमी," तो म्हणाला.

भागोजी शिडीच्या टोकावर तसाच थांबला, ओलं सोंग छातीशी धरून. मग हात लांब करून त्यानं ते कणगीवर ठेवलं आणि खाली उतरला.